विहिरीत चार आणे हिस्सा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पुरंदरकडच्या शेतीच्या वाटणीपत्राचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी पुण्यात दस्तांची कामे करते, त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने ते माझेच काम होते, आणि तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या दृष्टीने तर ते फुकटात होण्यासारखे काम होते. जमिनीच्या गुंठ्यांवरून कोणाचे फारसे अडले नाही. अडले ते विहिरीपाशी. जुन्या दस्तात आजोबांच्या नावे ‘विहिरीत आठ आणे हिस्सा व दर आठ दिवसांत चार दिवस पाण्याची पाळी’ असे लिहिलेले आहे. आता त्या आठ आण्यांचे दोन भाग होऊन चार आणे तात्यांचे आणि चार आणे माझ्या वडिलांचे होणार होते, उरलेले आठ आणे पूर्वीपासून भावकीतल्या दुसऱ्या घराचे आहेत. दशमान नाणी १९५७ मध्ये आली, सोळा आण्यांचा रुपया हिशेबातून गेला, पण विहिरीतले हिस्से अजून आण्यांतच लिहिले जातात आणि दस्त नोंदवताना त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

मी तात्यांना विचारले, की चार आणे म्हणजे नक्की किती पाणी? त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. “अगं, पाणी कुठं मोजतात? विहीर किती तास चालते ते मोजतात.” आमच्याकडे विहिरीची खोली फुटांत सांगतात, जुनी माणसे परसांत सांगतात, परंतु तिची ऐपत सांगायची झाली तर ती तासांतच सांगतात. दिवाळीला आमची विहीर आठ तास चालते, म्हणजे आठ तास मोटार चालली की तळ उघडा पडतो आणि पुन्हा पाणी साचण्याची वाट पाहावी लागते. संक्रांतीला ती चार तासांवर येते, शिमग्याला दोन तासांवर, आणि वैशाखात अर्ध्या तासात फुटबॉल, म्हणजे मोटारीच्या नळाच्या टोकाची झडप, हवा ओढू लागते. तेव्हा मी जो दस्त लिहीत होते त्यातला चार आणे हिस्सा हा आठ तासांतलाही होता आणि अर्ध्या तासातलाही होता. एवढी बदलती वस्तू मी दुसऱ्या कोणत्याही मिळकतीच्या वर्णनात कधी लिहिलेली नाही.

त्याच वैशाखात विहिरीचा गाळ काढायचे काम निघाले होते. यारी उभी केली होती, लोखंडी डोलातून गाळ वर येत होता, आणि दुपारी माणसे जेवायला बसली असताना मी पायऱ्या उतरून तळापर्यंत गेले. लहानपणी ज्या विहिरीत वाकून पाहायलासुद्धा बंदी होती तिच्या तळाशी उभे राहून वर पाहणे हा वेगळाच अनुभव असतो. वरचे सातआठ फूट घडीव दगडांचे बांधकाम आहे, आजोबांच्या वडिलांच्या वेळचे. त्याखाली बांधकाम थांबते आणि डोंगराचे अंग उघडे पडते. आधी पिवळसर, नखाने खरवडला तरी सुटेल असा मुरूम. त्याखाली ज्याला विहीर पाडणारे लोक मांजऱ्या म्हणतात तो करडा-तांबूस, भोकाभोकांचा खडक, आणि त्या भोकांत भरलेले पांढरे खडे. मग बोटभर जाडीची तांबडी रेघ, गेरूची. आणि सर्वांत खाली काळा पाषाण, ज्यावर सुरुंगाच्या छिद्रांच्या अर्ध्या नळ्या अजून दिसतात.

महाराष्ट्राच्या सुमारे ऐंशी टक्के भूभागाखाली हाच खडक, म्हणजे बेसॉल्ट, आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि प्रत्येक थर वेगळा थिजला. थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून राहिले, तो मांजऱ्या झाला. तळाचा भाग सावकाश थंड होऊन घट्ट बसला, तो पाषाण झाला. दोन लाव्हांच्या मधल्या काळात ऊनपावसाने जो थर कुजला तो तांबडा गेरू झाला. पाषाणाच्या अंगात पाणी जवळजवळ नसतेच; ते असते त्याच्या भेगांत आणि सांध्यांत. मुरमात आणि भेगाळलेल्या मांजऱ्यात मात्र ते मुरते, साठते आणि उताराच्या दिशेने अतिशय हळू सरकते. त्या दुपारी विहिरीच्या पश्चिमेच्या अंगाला, मांजऱ्या आणि गेरू यांच्या सांध्यातून, करंगळीएवढी ओल एका रेषेत पाझरताना मला दिसली. तो आमचा ‘जिवंत झरा’. त्याला घरात इतका मान आहे, की दरवर्षी पाडव्याला त्याच्या नावाने विहिरीत नारळ सोडतात. प्रत्यक्षात तो एखाद्या गळक्या माठाच्या बुडासारखा दिसत होता.

घरी आल्यावर मी कागदावर एक हिशेब मांडून पाहिला, आणि तो मांडल्यापासून मसुद्याचे काम मला नीट करता आले नाही. आमच्या विहिरीच्या खोलीला पाच अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण तीस हजार लिटर पाणी उचलते, म्हणजे दोन तासांत साठ हजार लिटर, साठ घनमीटर. कुजलेल्या बेसॉल्ट खडकातून निथळून येऊ शकणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. नदीकाठच्या गाळाच्या वाळूत ते दहा-पंधरा टक्के किंवा अधिकही असते. तेव्हा साठ घनमीटर पाण्यासाठी तीन हजार घनमीटर खडक निथळावा लागतो. तो एक मीटर जाडीचा धरला तर त्याचे क्षेत्र तीन हजार चौरस मीटर, म्हणजे तीस गुंठे, होते. शिमग्याच्या दोन तासांच्या एका पाळीसाठी तीस गुंठे जमिनीखालची पाण्याची पातळी एक मीटरने उतरते, असा त्याचा अर्थ. विहिरीभोवतीचे आमचे शेत दोन एकर, म्हणजे ऐंशी गुंठे आहे. तीन पाळ्यांत आमच्या स्वतःच्या जमिनीखालचे एक मीटरभर पाणी संपते आणि त्यापुढे आम्ही जे उपसतो ते शेजाऱ्यांच्या बांधापलीकडून, डोंगराच्या पायथ्याच्या गायरानाखालून, आणि पूर्वेच्या ओढ्याच्या वाटेचे आलेले असते. हिशेब ढोबळ आहे हे मला मान्य आहे. खडकाच्या भेगा अशा सारख्या वाटलेल्या नसतात आणि पातळी विहिरीपाशी अधिक व दूर कमी उतरते. पण चार आणे कशाचे, या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते.

ओढ्याबद्दल थोडे सांगायला हवे. आमचा ओढा पुढे कऱ्हेला मिळतो. कऱ्हा पुरंदर तालुक्यातच गराड्याच्या बाजूला उगम पावते, सासवडला संगमेश्वरापाशी चांबळी नदीला घेते, जेजुरीजवळून मोरगाव आणि बारामतीकडे जाते आणि नीरेला मिळते. नीरा भीमेला आणि भीमा कृष्णेला. ब्रह्मदेवाचा कऱ्हा, म्हणजे कमंडलू, लवंडला आणि ही नदी झाली, अशी तिकडची कथा आहे. लग्नात करवलीच्या हातात जो असतो तोच हा कऱ्हा, आणि एवढ्याशा भांड्यातून जेवढे सांडावे तेवढीच ही नदी, असे आमच्याकडचे लोक थट्टेने म्हणतात. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला येते. ती सोमवती श्रावण-भाद्रपदात आली तर ठीक, चैत्र-वैशाखात आली तर पात्रात पाणी असेल की नाही याचा घोर आधीपासून लागतो.

आजी सांगायची, की ती नवी नवरी असताना होळीपर्यंत ओढ्यावर धुणे व्हायचे आणि त्यानंतरही पात्रात हातभर झिरा उकरला की घागर भरायची. माझ्या लहानपणी ओढा संक्रांतीपर्यंत वाहायचा. आता तो दिवाळीनंतर आटतो. पाऊस कमी झाला, असे याचे सोपे कारण गावात सांगतात, आणि मीही पुष्कळ वर्षे तेच मानत आले होते. पण दुष्काळी पट्ट्यात पाऊस कमी-जास्त होणे हे नेहमीचेच आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे पाऊस ऑक्टोबरमध्ये थांबतो. मग जानेवारीत ओढा वाहत होता तो कोणाच्या पाण्यावर? त्याला बर्फाचा डोंगर नव्हता, वर धरण नव्हते. तो वाहत होता तो पावसाळ्यात मुरमात आणि मांजऱ्यात मुरलेल्या आणि हळूहळू खालच्या अंगाला पाझरणाऱ्या पाण्यावर, म्हणजे आमच्या विहिरीच्या पश्चिमेच्या कडेला जो झरा मी पाहिला त्याच पाण्यावर. विहीर ही त्या पाण्याच्या वाटेत मध्येच खणलेली खोलगट जागा आहे आणि ओढा हा त्या वाटेच्या शेवटचा उतार आहे. चार्ल्स थाइस या अमेरिकी भूजलशास्त्रज्ञाने १९४० मध्येच हे मांडून ठेवले आहे, की विहिरीतून उपसलेले पाणी सुरुवातीला साठ्यातून येते, पण कालांतराने त्याची भरपाई दोनच ठिकाणांहून होते: एक तर अधिक पाणी मुरायला हवे, किंवा जे पाणी नैसर्गिकपणे बाहेर पडत होते, म्हणजे झरे, ओढे आणि नद्या, ते तितके कमी व्हायला हवे. आमच्या पाणलोटात गेल्या पन्नास वर्षांत दुसरी गोष्ट झाली. मोटेच्या दिवसांत बैलांची धाव विहिरीवर मर्यादा घालत असे. डिझेल इंजिने आली, मग विजेच्या मोटारी आल्या, आणि अंजिराच्या मीठा बहाराला, म्हणजे उन्हाळ्यात येणाऱ्या फळाला, व वाटाण्याला विहिरींनी पाणी पुरवले. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला अभिमान आहे. त्या अंजिरात ओढ्याचे माघ-फाल्गुनातले पाणी आहे, हेही मला आता दिसते.

ही गोष्ट शेतकऱ्याला कळत नाही असे मुळीच नाही. ओढ्याकाठच्या विहिरीला पाणी चांगले लागते, खालच्या अंगाच्या विहिरीला ‘वरचे’ पाणी उतरते, हे गावातले पोरही सांगते. जिला कळलेले नाही ती आमची कायद्याची भाषा, आणि मी पोटासाठी त्याच भाषेत लिहिते.

१८८२ च्या इंडियन इझमेंट्स ॲक्टच्या सातव्या कलमाखालच्या उदाहरणांत जमीनमालकाचा एक हक्क सांगितला आहे: ठरावीक प्रवाहाने न वाहणारे आपल्या जमिनीखालचे सारे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क. उलट १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमाने नद्या, ओढे, नाले आणि वाहते व साचलेले पाणी ही राज्य शासनाची मालमत्ता ठरते. दोन्ही तरतुदी मी कित्येकदा वाचल्या होत्या, पण त्या शेजारीशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. आमच्या झऱ्यातला एक थेंब पश्चिमेच्या कडेतून पाझरतो तेव्हा तो तात्यांचा आणि माझ्या वडिलांचा असतो. त्याला न अडवता तसाच पुढे जाऊ दिले आणि दोन-तीनशे फुटांवर तो ओढ्याच्या पात्रात उमटला, की तो सरकारचा होतो. मालक बदलायला ना खरेदीखत लागते ना मुद्रांक शुल्क.

या कल्पनेचे मूळ इंग्लंडात आहे. लंडनच्या दक्षिणेला वँडल नावाची एक लहान नदी आहे आणि तिच्यावर पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या गिरण्या होत्या. क्रॉयडनच्या स्थानिक मंडळाने नदीपासून काही अंतरावर मोठी विहीर खोदून शहरासाठी रोज पाच-सहा लाख गॅलन पाणी उपसायला सुरुवात केली. जे पाणी जमिनीतून झिरपत नदीला मिळाले असते ते विहिरीतच संपू लागले आणि साठाहून अधिक वर्षे नदीचे पाणी वापरणाऱ्या एका गिरणीमालकाने दावा लावला. १८५९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की गिरणीचे पाणी कमी झाले हे खरे असले तरी जमिनीखाली झिरपणाऱ्या पाण्यावर गिरणीमालकाला हक्क सांगता येत नाही. पाणी कुठून आले याबद्दल वाद नव्हता. डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्याच्या वाटा ठरवायच्या कशा, ही न्यायाधीशांची अडचण होती, आणि त्या काळी ती खरीही असेल. पुढे आपल्या कायद्यात तीच अडचण हक्क होऊन बसली.

तात्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे गिरणीवाला आमच्यासारखाच.” त्यांचे म्हणणे एका अर्थाने बरोबर होते, दुसऱ्या अर्थाने नव्हते. आमच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने तीन वर्षांपूर्वी पाणाड्या आणून, त्याच्या तळहातावरचा नारळ जिथे उभा राहिला तिथे, चारशे फुटांचे बोअर घेतले. तेव्हापासून आमचा झरा बारीक झाला असे घरचे मानतात. बोअरला वरच्या मुरमात लोखंडी पाइप पुरेसा उतरवला नाही, तर वरच्या थरातले पाणी त्या भोकातून खालच्या भेगांत गळत राहते. त्यामुळे घरच्यांचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण तो सिद्ध करण्याइतके मोजमाप कोणाकडेच नाही, आणि त्या शेतकऱ्याच्या तीन मुलींची शिक्षणे त्याच बोअरवर चालली आहेत. तेव्हा वरच्या बोअरच्या बाबतीत आम्ही गिरणीवाले, हे खरे. पण ओढ्याच्या बाबतीत आम्ही क्रॉयडनवाले आहोत, आणि ओढ्याच्या वतीने दावा लावणारे कोणी नाही.

हीच गल्लत मोठ्या प्रमाणावरही झालेली आहे. आमचे सारे पाणी शेवटी कृष्णेत जाते. कृष्णेच्या पाण्याची महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यात वाटणी करणाऱ्या बचावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला आणि २०६० अब्ज घनफूट पाणी वाटले. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला अखेर ५६० आले. पाटबंधारे खात्याची एक पिढी त्या आकड्याच्या पाठीमागे धावण्यात गेली. त्याच निवाड्यात असेही स्पष्ट म्हटलेले आहे, की कोणत्याही राज्याने केलेला भूजलाचा वापर हा कृष्णा नदीच्या पाण्याचा वापर धरला जाणार नाही. धरणात अडवलेले पाणी हिशेबात, आणि लाखो विहिरींनी धरणात पोचण्यापूर्वीच उचललेले पाणी हिशेबाबाहेर. वाटणीच्या मसुद्यात अशी तरतूद एखाद्या भावाने सुचवली असती तर मी त्याला हसले असते.

पुरंदरातच, माझ्या जन्माआधी, एका माणसाने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला होता. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी माणसे पाहिली आणि नंतर नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेऊन तिथे बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि विहीर असे काम उभे केले. त्यातून पाणी पंचायत निघाली. तिचे नियम मी शाळेत असताना पाठ केले होते, आमच्या मास्तरांच्या आग्रहामुळे: पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर माणशी वाटायचे, डोई अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही पाण्यात वाटा, ऊस लावायचा नाही, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. शाळेत ऊसबंदीचा नियम सर्वांत कडक वाटायचा. आज दस्त लिहिणारी म्हणून मला शेवटचा नियम सर्वांत धाडसी वाटतो, कारण १८८२ च्या कायद्याने जमीन आणि तिच्याखालचे पाणी यांची जी गाठ मारली ती त्याने सोडवली. साळुंखे २००२ मध्ये गेले. पाणी पंचायतीचे नाव पुष्कळांनी घेतले, आणि नियम त्या मानाने फार थोड्यांनी पाळले.

राज्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे, तिने राज्याचे पंधराशेहून अधिक पाणलोट पाडले आहेत आणि निरीक्षण विहिरींची पातळी ती नियमाने मोजते. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणले. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. त्यात साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटले आहे आणि अधिसूचित क्षेत्रांत ती घेण्यास मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्या शिवारात दोनशे फुटांचे बोअर आता कोणी घेतच नाही, चारशेपासून सुरुवात होते. रिगची गाडी रात्री येते, पहाटेपर्यंत परत जाते, आणि सकाळी रस्त्याकडेला पांढऱ्या-करड्या भुकटीचा ढीग तेवढा दिसतो. त्या ढिगाचा रंग पाहून तात्या सांगतात, की पाणी लागले असेल की नाही.

मसुदा शेवटी पूर्ण झाला. हिस्सा चार-चार आणेच लिहिला, कारण त्याहून बरे शब्द माझ्यापाशी नव्हते आणि दुय्यम निबंधकापाशीही नसावेत. पाळीचे दिवस वाटले, मोटारीचे वीजबिल निम्मे-निम्मे, गाळ काढायचा खर्च हिश्शाप्रमाणे. मी माझ्या हट्टाने एक कलम घातले, की दोघांपैकी कोणीही आपल्या वाट्यात दुसऱ्याच्या लेखी संमतीवाचून बोअर घेणार नाही. वडिलांनी मान डोलावली. तात्या बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, की पोराला विचारतो. पोराला विचारून झाले, कलम राहिले, फक्त त्यापुढे ‘पाच वर्षांपर्यंत’ असे शब्द आले.

चतुःसीमा लिहिताना मी जुना दस्त समोर ठेवला होता. आजोबांच्या वेळच्या लेखनिकाने वळणदार अक्षरात लिहिले होते: पश्चिमेस गायरान, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस भावकीचा गट, पूर्वेस वाहता ओढा. मी ‘पूर्वेस ओढा’ एवढेच टंकले आणि तात्यांना वाचून दाखवले. त्यांनी थांबवले.

“जुन्यात वाहता आहे.”

“आता कुठे वाहतो, तात्या?”

“आषाढात वाहतो की,” ते म्हणाले. “घाल तो शब्द.”

मी तो घातला.